चष्म्याच्या कागदावरून मागवलेल्या लेन्स: एका ऑनलाइन ऑर्डरचं प्रकरण

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं वय २७. दिवसाचे आठ-नऊ तास कम्प्युटरसमोर. सहा वर्षांपासून सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सची सवय. तक्रार अशी की सकाळी उठल्यापासून उजवा डोळा दुखतोय, लाल झालाय, खिडकीकडे बघवत नाही आणि सारखं पाणी येतंय. उजवी लेन्स त्यांनी काढून टाकली होती. डावी मात्र घालूनच आल्या होत्या, कारण घरात एकच चष्मा होता आणि तो इतका जुना की तो लावून रस्ता ओलांडायची त्यांना भीती वाटायची.

ओळख पटेल असा तपशील मी वगळला आहे आणि हे त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारी, आणि लेन्स बसवणं हे माझं रोजचं काम. ऑनलाइन लेन्स मागवायला माझा अजिबात विरोध नाही. माझ्याकडून लेन्सचा कागद घेऊन कितीतरी जण पुढची खरेदी ऑनलाइनच करतात आणि त्यांचे डोळे उत्तम आहेत. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात लेन्स बनावट नव्हत्या, मुदत उलटलेल्या नव्हत्या, डबेही फुटलेले नव्हते. मागितलं तेच आलं होतं. चूक मागण्यातच होती आणि ती चूक पकडायला वाटेत कुणीच उभं नव्हतं.

पहिला दिवस

स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) उजव्या कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेजवळ मिलिमीटरभराचा एक पांढुरका गोल ठिपका दिसला. फ्लुरोसिन या रंगद्रव्याचा थेंब टाकल्यावर तो हिरवा चमकला, म्हणजे तिथलं वरचं नाजूक आवरण निघालेलं होतं. ठिपक्याच्या बाजूचा पांढरा भाग लालबुंद, बाकीचा मानाने शांत. या ठिपक्याला आम्ही इन्फिल्ट्रेट म्हणतो. शरीराच्या संरक्षक पेशी तिथे गोळा झालेल्या असतात. कडेचा, एवढा लहान ठिपका बऱ्याचदा नुसत्या दाहाचा असतो, त्यात जिवंत जंतू नसतात. पण 'बऱ्याचदा' एवढ्या आधारावर कुणाचा डोळा पणाला लावता येत नाही. लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यात शिरणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू एक-दोन दिवसांत कॉर्नियाची भयंकर हानी करू शकतो. म्हणून संसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरायचं. मी त्यांना त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं.

निघण्याआधी त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "डोळ्यावर पट्टी बांधू का?" नाही. संसर्गाची शंका असलेला डोळा झाकला की जंतूंना ऊबच मिळते. दुसरी, "मागे डोळे आले होते तेव्हाचे थेंब घरात आहेत, ते टाकू?" त्याचंही उत्तर नाही. अशा उरलेल्या बाटल्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. त्यानं लाली उतरते, बरं वाटतं आणि आतला संसर्ग मात्र वाढत राहतो. काढलेली लेन्स आणि लेन्सची डबी फेकू नका, सोबत न्या, हेही सांगितलं, कारण गरज पडली तर त्यांवरून जंतूंची तपासणी करता येते. बरेच जण घाबरून हे दोन्ही आधी कचऱ्यात टाकतात.

डावी लेन्स काढायला लावण्यापूर्वी मी ती डोळ्यावर असतानाच नीट बघून घेतली. हे दोन मिनिटांचं बघणं पुढे फार उपयोगी पडलं. चांगली बसलेली सॉफ्ट लेन्स पापणी मिटली-उघडली की किंचित सरकते आणि पुन्हा जागेवर येते. तेवढ्या हालचालीनं लेन्सखालचे अश्रू बदलतात, कचरा बाहेर पडतो. यांची लेन्स जागची हलत नव्हती. खालच्या पापणीनं वर ढकलली तरी जेमतेम सरकली. काढल्यावर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तिच्या कडेचा गोल ठसा उमटलेला होता. शिवाय ही टोरिक लेन्स होती, म्हणजे सिलिंडरचा (एकाच दिशेला लागणारा जादा) नंबर असलेली. अशा लेन्सवर बारीक खूण असते. ती जिथे असायला हवी तिथून १५ अंश फिरलेली होती.

नेत्रतज्ज्ञांनी अँटिबायोटिक थेंब सुरू केले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा बोलावलं. ठिपका वाढला नव्हता, दुखणं कमी होतं. पुढच्या काही दिवसांत आवरण भरून आलं. डोळा पूर्ण शांत होईपर्यंत दोन्ही लेन्स बंद. त्या काळात त्यांनी पहिलं काम केलं ते नवा चष्मा करण्याचं.

ऑर्डरची उलटतपासणी

डोळा बरा झाल्यावर मी त्यांना लेन्सचे उरलेले डबे, ऑर्डरची पावती आणि ज्या कागदावरून नंबर भरला तो कागद घेऊन यायला सांगितलं.

कागद चष्म्याचा होता. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी डोळे तपासून घेतले होते. नंबर अचूक काढलेला होता: उजवा -६.५०, डावा -५.७५ आणि त्यावर सिलिंडर -१.२५, ॲक्सिस (सिलिंडरची दिशा, अंशांत) १०. चष्मा करायचं राहून गेलं. जुन्या लेन्सचा कागद सापडेना आणि रिकामे डबे तर कधीच टाकून दिलेले. मग वेबसाइटवरच्या रकान्यांत हेच आकडे भरले. रकाने अगदी तेच होते: पॉवर, सिलिंडर, ॲक्सिस. फॉर्मनं हरकत घेतली नाही. कागदाचा फोटोही मागितला नाही.

चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो, लेन्स डोळ्यावरच बसते. एवढ्याशा अंतरानं काय होतं, असं वाटेल. कमी नंबराला खरंच फारसं काही होत नाही. पण ४.०० च्या पुढे फरक मोजावाच लागतो. चष्म्यात -६.५० लागणाऱ्या डोळ्याला लेन्समध्ये -६.०० पुरतो. डाव्या डोळ्याच्या दोन्ही दिशांचे नंबर वेगळे मोजून लेन्सचा नंबर येतो -५.२५, सिलिंडर -१.२५. म्हणजे या बाई दोन्ही डोळ्यांत अर्धा नंबर जास्तीचा घालून वावरत होत्या. (प्लसच्या नंबराला उलटं होतं, तिथे लेन्सचा नंबर चष्म्यापेक्षा जास्त लागतो.)

यावर त्या चटकन म्हणाल्या, "पण मॅडम, मला लांबचं स्वच्छ दिसत होतं. उलट आधीपेक्षा कडक दिसत होतं!"

या प्रकरणातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे. तरुण डोळ्यातलं नैसर्गिक भिंग जास्तीचा मायनस नंबर स्वतः जोर लावून भरून काढतं. समोरचा फलक झकास वाचता येतो. पण तो जोर दिवसभर, प्रत्येक क्षणी लावावा लागतो आणि स्क्रीनवर जवळचं बघताना त्यात आणखी भर पडते. महिनाभर त्यांना संध्याकाळी कपाळ दुखायचं, त्याचा दोष त्यांनी कामाच्या ताणाला दिला होता. हाच नंबर चाळिशी उलटलेल्या डोळ्यात असता तर जवळचं वाचताना पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हणून नवीन लेन्स घातल्यावर 'दिसतंय ना, मग झालं' हा निकष मला धोक्याचा वाटतो. दिसणं ही लेन्सची अर्धीच परीक्षा आहे. ती डोळ्यावर कशी बसली आहे ही उरलेली अर्धी, आणि ती वापरणाऱ्याला आरशात दिसत नाही.

ही उरलेली अर्धी यांच्या बाबतीत कशी बिघडली, ते पावतीवर दिसलं. पूर्वी त्या ज्या लेन्स वापरायच्या त्यांचं नाव त्यांना आठवत होतं, पण ती साठ्यात नव्हती. खाली 'याच नंबरात उपलब्ध' म्हणून दुसऱ्या कंपनीची लेन्स सुचवलेली होती, मासिकच, टोरिकमध्येही मिळणारी. त्यांनी ती निवडली. जुन्या लेन्सचा बेस कर्व्ह, म्हणजे आतल्या बाजूचा गोलावा, ८.६ होता (आमच्या जुन्या नोंदीत सापडला), नवीचा ८.४. आकडा लहान म्हणजे लेन्स अधिक खोलगट. त्यांच्या डोळ्यावर ती दडपून बसत होती.

पण समजा, बेस कर्व्ह दोन्हींचा ८.६ च असता, तरी भागलं असतं का? खात्री नाही. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे बूट पायाला वेगवेगळे लागतात, तसंच हे आहे. लेन्सचा व्यास, कडेचा आकार, साहित्याचा ताठरपणा, पाण्याचं प्रमाण, सगळं मिळून ती डोळ्यावर कशी बसेल ते ठरतं, आणि यातलं निम्मं डब्यावर छापलेलंच नसतं. टोरिक लेन्सला तर जागेवर स्थिर राहण्यासाठी ठरावीक ठिकाणी जाडी किंवा वजन दिलेलं असतं. प्रत्येक कंपनीची ती युक्ती वेगळी. एकीची लेन्स ज्या डोळ्यावर सरळ बसते त्याच डोळ्यावर दुसरीची फिरते. १० अंश फिरली तर सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश दोष पुन्हा उघडा पडतो. ३० अंश फिरली तर पूर्ण नंबराएवढाच दोष शिल्लक राहतो, फक्त वेगळ्या दिशेला. यांची १५ अंश फिरली होती, म्हणजे जवळजवळ निम्मा. डाव्या डोळ्यानं अक्षरांना सावली दिसायची. 'नवीन लेन्स आहे, बसेल हळूहळू' असं म्हणून त्यांनी तीन आठवडे वाट पाहिली. लेन्स चपलेसारखी वापरून सैल होत नाही.

साहित्याचं म्हणाल तर जुनी लेन्स सिलिकॉन हायड्रोजेलची (प्राणवायू जास्त आत सोडणारी) होती, नवी साध्या हायड्रोजेलची. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः अश्रूंमधून, हवेतला. मायनस नंबराची लेन्स मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. नंबर जितका मोठा तितकी कड जाड आणि तिथून आत जाणारा प्राणवायू कमी. म्हणून १९९९ मध्ये सिलिकॉन हायड्रोजेल बाजारात आलं ते मोठ्या नंबरवाल्यांसाठी फार मोलाचं ठरलं. साधी हायड्रोजेल लेन्स वाईट नाही, लाखो लोक ती सुखानं वापरतात. पण -६ च्या घरातला नंबर, आठ-नऊ तास स्क्रीन (स्क्रीनसमोर पापणी कमी वेळा मिटते) आणि त्यात घट्ट बसलेली लेन्स, या तिन्ही गोष्टी एका डोळ्यावर आल्या.

इतकं होऊनही कदाचित नुसती लाली आणि थकवा यावर निभावलं असतं. मी विचारलं, "दुखायला लागलं त्याच्या आदल्या दिवशी काय वेगळं झालं?" थोडं थांबून त्या म्हणाल्या की सुटीचा दिवस होता, दुपारी लेन्स घालूनच दोन तास झोप लागली. मिटलेल्या पापणीखाली प्राणवायू आणखी कमी होतो, अश्रूंचं वाहणं थांबतं आणि जंतू असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिवसा सॉफ्ट लेन्स वापरून रात्री काढणाऱ्यांमध्ये कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण वर्षाला दहा हजारांमागे साधारण २ होतं. लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये ते २० ते २५ पर्यंत गेलं होतं.

त्याच अभ्यासात धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये लेन्सच्या डबीची अस्वच्छता आणि धूम्रपान यांच्या जोडीला इंटरनेटवरून केलेली खरेदीही होती. हा निष्कर्ष वाचून काही सहकारी 'बघा, ऑनलाइन नकोच' असं म्हणतात. मला तो अर्थ पटत नाही. कुरिअरच्या पाकिटातून जंतू येत नाहीत. माझं मत असं की ऑनलाइन खरेदी करणाऱ्याची लेन्सची तपासणी सुटते, लेन्सचं नाव सहज बदलतं, वापरायच्या सूचना सांगणारं कुणी भेटत नाही, आणि खरा धोका त्यात आहे. यांच्या बाबतीत तिन्ही झालं होतं. आमच्याकडची त्यांची शेवटची नोंद दोन वर्षांहून जुनी होती.

आणखी एक तपशील. ऑर्डरबरोबर वेगळ्याच कंपनीच्या सोल्यूशनची बाटली फुकट आली होती आणि त्यांनी जुनी संपण्याआधीच ती वापरायला घेतली, तीही डबीतल्या उरलेल्या द्रावात वरून भर घालून. लेन्स आणि सोल्यूशन एकाच दिवशी बदललं की पुढे डोळा लाल झाला तर दोष कुणाचा हे ओळखणं कठीण होतं. आणि वरून भर घालणं तर कधीच नको. द्राव रोज पूर्ण ओतून टाकायचा, डबी नळाच्या पाण्यानं नाही तर सोल्यूशननंच खंगाळायची, उघडी उलटी ठेवून वाळवायची. नळाच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याचा संसर्ग बरा व्हायला महिने लागतात.

पुन्हा बसवणं

डोळा शांत झाल्यावर आम्ही पाटी कोरी करून सुरुवात केली. कॉर्नियाचा गोलावा मोजला, अश्रू तपासले. लेन्स रोज नवी घालायची, रात्री फेकायची अशी निवडली. एकदा इन्फिल्ट्रेट होऊन गेलेल्या डोळ्यासाठी मला ती सुरक्षित वाटते, कारण डबी आणि सोल्यूशन हे दोन्ही प्रश्न मुळातच उरत नाहीत. साहित्य सिलिकॉन हायड्रोजेल.

उजव्या डोळ्याला पहिलीच ट्रायल लेन्स छान बसली. डाव्या डोळ्याला नाही. पहिली टोरिक ट्रायल वीस मिनिटांनी पाहिली तर १० अंश फिरलेली. ॲक्सिस तेवढा बदलून ती मागवता आली असती, तशी रीत आहे. पण ती दर पापणीगणिक डुगडुगत होती, आणि अस्थिर लेन्सचा ॲक्सिस बदलून काही साधत नाही. दुसऱ्या कंपनीची लावली. तिची खूण सरळ खाली येऊन थांबली आणि पापणी मिटल्यावर पुन्हा तिथेच आली. लेन्सवरून नंबर तपासला, पाव नंबराचाही फरक निघाला नाही. सात दिवसांच्या ट्रायल लेन्स देऊन घरी पाठवलं आणि आठवड्यानं, दिवसभर वापरून झाल्यावर, संध्याकाळी बोलावलं. सकाळी ताज्या घातलेल्या लेन्स सगळ्यांच्याच चांगल्या दिसतात.

संध्याकाळीही डोळे शांत होते. मग कागद लिहिला. चष्म्याच्या कागदापेक्षा तो वेगळा असतो तो असा: दोन्ही डोळ्यांसाठी लेन्सचं पूर्ण नाव स्वतंत्र (एकाच कंपनीच्या जवळजवळ सारख्या नावाच्या चार लेन्स असतात, म्हणून नाव अर्धवट चालत नाही), बेस कर्व्ह, व्यास, पॉवर, डाव्यासाठी सिलिंडर आणि ॲक्सिस, किती वेळानं बदलायची, दिवसाला जास्तीत जास्त किती तास, घालून झोपायचं नाही ही सूचना, कागदाची मुदत, आणि शंका आल्यास विक्रेत्यानं कुणाला विचारायचं ते. हा कागद मागण्याचा ग्राहकाला संकोच वाटतो, आणि काही ठिकाणी तो द्यायला टाळाटाळही होते, कारण गिऱ्हाईक बाहेर जाईल. अमेरिकेत २००४ पासून नियमच आहे की लेन्स बसवून झाली की ग्राहकानं न मागताही हा कागद त्याच्या हाती द्यायचा, वेगळे पैसे न घेता. विक्रेत्यानं तो पाहिल्याशिवाय किंवा देणाऱ्याकडून पडताळल्याशिवाय लेन्स विकायची नाही, आणि लिहिलेल्या लेन्सऐवजी दुसरीच द्यायची नाही. तिथे २००५ पासून नंबर नसलेल्या रंगीत लेन्ससुद्धा वैद्यकीय साधन मानल्या जातात आणि त्यांनाही कागद लागतो. कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण जिथे असा कायदा नाही तिथेही ग्राहकानं कागद मागून घ्यावा आणि बसवणाऱ्यानं तो आनंदानं द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी ऑर्डर

या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या की ऑनलाइन मागवायचं तर आहे, पण तुमच्यासमोर बसून. आम्ही ते केलंही.

पहिल्या वेबसाइटवर सगळं सुटसुटीत होतं, कुणी काही विचारतच नव्हतं. पूर्वी त्यांना ती सोय वाटली होती. आता त्यांनी अशी साइट निवडली जी कागदाचा फोटो चढवल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हती, जिच्यावर खरा पत्ता आणि उचलला जाणारा फोन होता, आणि लेन्स बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जिचं नाव अधिकृत विक्रेत्यांत होतं. परतीचे नियम आधी वाचले: न उघडलेला डबा परत घेतात, उघडलेला नाही. 'साठ्यात नसल्यास पर्याय पाठवू' या वाक्यापुढची खूण काढून टाकली. ही खूण आधीच केलेली होती आणि फार बारीक अक्षरांत होती. वर्षभराच्या लेन्स घेतल्यास मोठी सूट दिसत होती, मोहही झाला. तीन महिन्यांच्याच घेतल्या. नुकत्याच बऱ्या झालेल्या डोळ्याला वर्षाचा साठा बांधून ठेवणं शहाणपणाचं नव्हतं.

रकाने भरताना मी काहीच बोलले नाही, त्यांनीच कागदावर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्यानं वाचला. वजाचं चिन्ह दोनदा तपासलं. आमच्याकडे येणाऱ्या चुकीच्या ऑर्डरींमध्ये प्लस-मायनसची अदलाबदल आणि उजव्या-डाव्याची अदलाबदल या दोन चुका वरचेवर दिसतात.

पार्सल आल्यावर त्यांनी डबे उघडले नाहीत. प्रत्येक डब्याचा फोटो काढून कागदाशी ताडून पाहिला: नाव, बीसी (बेस कर्व्ह), डीआयए (व्यास), पॉवर, सिलिंडर, ॲक्सिस, मुदत. उजव्याचे सगळे बरोबर. डाव्याच्या तीन डब्यांपैकी दोन बरोबर आणि तिसऱ्यावर ॲक्सिस १० ऐवजी १००. बाकी सगळे आकडे तंतोतंत तेच. पॅक करणाऱ्याच्या हातून शून्य इकडचं तिकडे झालं असणार. ९० अंशांचा हा फरक म्हणजे सिलिंडरचा दोष नाहीसा होण्याऐवजी दुप्पट, १.२५ चा २.५०. सीलबंद होता म्हणून विक्रेत्यानं विनातक्रार बदलून दिला. फोडला असता तर परत गेला नसता, आणि सगळे ब्लिस्टर (एकेका लेन्सची सीलबंद पाकिटं) एका खणात मिसळले असते तर अधूनमधून एखाद्या दिवशी डावा डोळा का धूसर दिसतो याचा शोध घेत बसावं लागलं असतं. त्यांनी आता डब्यांवर जाड मार्करनं 'उ' आणि 'डा' लिहून ते वेगळ्या खणांत ठेवले आहेत, आणि घालण्याआधी ब्लिस्टरच्या झाकणावरचा नंबर वाचतात.

पहिल्या दिवशी नव्या डब्यातली लेन्स घालून त्या आल्या. तपासण्यासारखं फार काही नव्हतं. ट्रायलची आणि डब्यातली लेन्स एकच होती, तशीच बसली होती. यासाठीच तर सारा खटाटोप होता.

जाता जाता त्यांनी एक प्रश्न विचारला. आधीच्या ऑर्डरमधले उजव्या डोळ्याचे दोन डबे न उघडलेले पडून होते आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना बरोबर -६.५० होता. फेकण्यापेक्षा तिला दिले तर? मी म्हटलं, "तिला डबे नको, तपासणीची वेळ द्या." मैत्रीण खरंच आली. तिचे अश्रू इतके पटकन सुकत होते की सध्या तिला कोणतीच लेन्स द्यायची नाही असं ठरलं. आधी कोरडेपणावर उपचार, मग बघू.

सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत आमच्या बाईंच्या उजव्या कॉर्नियावर त्या जागी एक फिकट डाग राहिला आहे, कडेला असल्यामुळे नजरेला त्याचा त्रास नाही. संध्याकाळचं कपाळ दुखणं गेलं. कोरडेपणा थोडा आहे, म्हणून आठवड्यातले दोन दिवस त्या चष्म्यावर राहतात. तिसरी ऑर्डर त्यांनी घरूनच, एकट्यानं केली. विक्रेत्यानं फोन करून 'तुमच्या लेन्सची सुधारित आवृत्ती आली आहे, तीच पाठवू का' असं विचारलं, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि आधी मला त्या नव्या लेन्सची ट्रायल मागितली. ती पुढच्या आठवड्यात लावून बघणार आहोत.